रहमीमचं शीड आणि उरलेला शब्द

पडदा वर जातो आहे, असं समजा.

समोर रंगमंच नाही. माझगावचा धक्का आहे, मासळीच्या ओल्या टोपल्या आहेत, जानेवारीतलं कोवळं ऊन आहे. पाण्यात एक मचवा डुलतो आहे, त्यावर दोन माणसं दोर ओढताहेत, आणि डोलकाठीवर हळूहळू खरोखरीचा पडदा चढतो आहे. त्यावर राजवाडा रंगवलेला. लाल खांब, दोन मोर, मागे कारंजं. त्या राजवाड्यासमोर उभं राहून मी कित्येक प्रयोगांत राणी म्हणून रडलो होतो. पडदा फाटला तेव्हा मंडळाने तो भंगारात काढला आणि रहमीमने उचलून नेला. दुहेरी शिवण घालून त्याने त्याचं शीड केलं. आता वारा भरला की कारंजं फुगायचं आणि मोर एकमेकांपासून लांब जायचे.

दोर ओढणाऱ्यांतला उंच, खांद्यात किंचित वाकलेला, तो रहमीम झिराडकर. आजचा खेळ त्याचा.

रहमीम बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातला यहुदी. घरात मराठी, बायकांच्या अंगावर लुगडं, आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावाचं. दिवसा परळच्या एका गिरणीत सुतारखात्यात, संध्याकाळी आमच्या लालबागच्या नाटकमंडळात. सेट तोच उभे करायचा. मी गुणाजी, मालवणचा. दिवसा गिरणीत साच्यावर, रात्री लुगडं नेसून राणी. रहमीमने केलेल्या सिंहासनावर बसताना राणीला कधी भीती वाटली नाही, एवढं सांगितलं तरी माणूस कळेल.

ह्या लोकांची एक जुनी गोष्ट आहे. शेकडो वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि त्यांचाच हा सगळा वंश. आता ज्यांचं मूळच फुटक्या गलबतात, त्यांनी समुद्राचं नाव काढू नये की नाही? ह्यांनी शिडाच्या होडीचा क्लब काढला! नाव लांबलचक होतं, माझ्या कधी लक्षात राहिलं नाही. सगळे शीड क्लब म्हणायचे.

दर रविवारी निघायचे. शनिवारी शब्बाथ, त्या दिवशी प्रवास नाही की चूल नाही. रविवारी कधी घारापुरी, कधी उरण, कधी मांडवा. बायका डबे घेऊन यायच्या. तळलेला सरंगा, नारळाच्या दुधातलं मटण, गव्हाच्या चिकाचा हलवा. मचवा धोंडू तांडेल नावाच्या कोळ्याचा. सुकाणू त्याच्या हातात, कारण क्लबच्या सभासदांचा वाऱ्याबद्दलचा अंदाज नेहमी एकमताने चुकायचा. धोंडूला एकच दुःख होतं.

"कोलंबी खात नाय, चिंबोरी खात नाय," तो मला कानात सांगायचा, "आनि म्हनं आमी दर्यावर चाललो! कनाला रं?"

खवल्याशिवायची मासळी त्यांना वर्ज्य. धोंडूने हे कधी मनावर घेतलं नाही. दर रविवारी तो चिंबोरी पुढे करायचा आणि दर रविवारी रहमीम हात जोडायचा. मग कोणीतरी मराठी कीर्तन लावायचं, मोशेचं नाहीतर योसेफाचं, आणि मी झांजा धरायचो. मला त्या मचव्यात कोणी बोलावलं, कधी बोलावलं, काही आठवत नाही. पडदा गेला, पाठोपाठ राणी गेली, एवढंच.

पुढे मचव्यात जागा होऊ लागली. एकेक कुटुंब इस्रायलला चाललं होतं. आज हा नाही, उद्या तो नाही. पंचावन्नच्या दिवाळीच्या सुमाराला रहमीमचंही ठरलं. फेब्रुवारीत बोट. त्याची बायको रिबका, माझी वहिनी, तिने ट्रंका भरायला घेतल्या.

आणि त्याच दिवसांत हा माणूस मुंबईसाठी मोर्च्यांत जात होता! मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हटल्यावर गिरणगाव पेटलं होतं. परळच्या सभांची व्यासपीठं रहमीमच ठोकायचा. जानेवारीत गोळीबार झाले, त्या धामधुमीत त्याच्या खांद्यावर लाठीही बसली. मी त्याला विचारलं, "अरे रहमीम, तू चालला परदेशी. तुला काय करायची मुंबई?"

तो खांदा चोळत म्हणाला, "आपली व्हायला नको का? म्हणजे सोडून जाताना आपलीच सोडली, असं म्हणता येईल."

मला त्यातलं काही कळलं नाही. बहुधा त्यालाही कळलं नसावं.

पण त्याच्या मनाला खरा घोर दुसराच होता. त्याचे वडील दीड वर्षापूर्वी, ऐन श्रावणात, नवगावला वारले. समुद्र बंद, खाड्या भरलेल्या, निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. शेजारच्या कुणब्यांनी आणि कोळ्यांनी म्हाताऱ्याला खांदा दिला, मातीही दिली. पण मेलेल्या बापासाठी मुलाने जी प्रार्थना म्हणायची, कद्दीश, ती म्हणायला दहा पुरुष लागतात, आणि तेही यहुदी. गावात तेवढे उरलेच नव्हते. मुंबईला त्यांच्या देवळात, ज्याला ते मशीदच म्हणत, रहमीमने अकरा महिने कद्दीश म्हटला. बाप ज्या मातीत होता तिथे मात्र एकदाही नाही.

"देश सोडायच्या आधी एकदा बाबांच्या डोक्याशी उभा राहून म्हणणार," तो म्हणायचा. "नाहीतर त्यांना वाटेल, पोरगा न सांगता गेला."

म्हणून ही सफर. क्लबात आता मोजून दहाच पुरुष राहिले होते. मोजून असं मी म्हणतो, ते म्हणत नसत. तिथेच तर सगळा घोळ झाला.

त्या वर्षी त्यांच्या एलियाहू हन्नबी ह्या प्रेषिताचा सण शनिवारी पडला, म्हणून मंडळी रविवारी निघाली. संचारबंदी नुकती उठली होती, ट्रामचा भरवसा नव्हता. एकेक जण चालत, पोलिसांना चुकवत धक्क्यावर आला. बिन्यामीन मास्तर आले. शाळामास्तर होते, प्रार्थना तेच सांगत. सॉलोमन आवासकरची वाट बघणं चाललं होतं. तो ट्राम कंडक्टर, परळला राहायचा.

"कवर थांबायचं?" धोंडू ओरडला. "ओहोटी लागली. पानी काय तुमच्या सॉलोमनची वाट बघंल?"

"आला असेल रे, मागे बसला असेल," कोणीतरी म्हणालं. खरंच, मचव्यात दाटी होती. बायका, डबे, पोह्यांची परात, नारळ. पुरुष सगळे काळ्या टोप्या घालून पाठमोरे. रहमीम म्हणाला, "थांबा, बघतो."

आता त्यांची रीत ऐका. माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत. शेरडं मोजावीत, नारळ मोजावेत, माणसं मोजली की दृष्ट लागते. माझी आईसुद्धा पोरं मोजू देत नसे, त्यामुळे मला ह्यात नवल वाटलं नाही. पण दहा जमलेत की नाही हे तर कळायला हवं. म्हणून त्यांच्या प्रार्थनेत दहा शब्दांची एक ओळ आहे. एकेका डोक्याकडे बघून एकेक शब्द म्हणायचा. ओळ पुरी झाली की माणसं पुरी.

रहमीम मचव्यातून वाट काढत, खांद्यांना हात लावत, ती ओळ पुटपुटत गेला. मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी, मी दोराच्या वेटोळ्यावर बसलो होतो. आधी प्रवासाची प्रार्थना झाली होती, तेव्हा मान राखायला डोकं झाकावं म्हणून त्याचीच जास्तीची टोपी मी घातली होती. त्याचा हात माझ्या खांद्यावर पडला आणि ओळ संपली.

"पुरली!" तो हर्षाने ओरडला. "सोड रे धोंडू!"

मला वाटलं, प्रार्थना संपली. मी आपला "आमेन" म्हणालो.

सफर अशी झकास झाली! वारा वायव्येचा, पाणी नितळ. वाटेत कोळ्यांच्या होड्या भेटल्या, ते आमच्या शिडाकडे बघून ओरडले, "राजाचा वाडा कुनीकडं चालला?" धोंडू म्हणाला, "वाडाच नाय, राणी पन हाय आत!" बायका मला बघून हसून लोळल्या. रहमीम एकटा आपला घोकत बसला होता. कद्दीशचे शब्द त्याला पाठ होते, तरी ओठ हलत होते, पहिल्या प्रवेशाच्या आधी नटाचे हलतात तसे.

नवगावला उतरलो. कबरस्तान किनाऱ्यापासून जवळच, उंडीच्या झाडांत. पुरुष आत गेले. मी आणि धोंडू मचव्यापाशी थांबलो. त्यांचं धर्माचं काम, आपण मध्ये कशाला?

थोड्या वेळाने आतून गलका ऐकू आला. भांडण असावं असं वाटलं. मग रहमीम धावत वाळूत आला, मागे बिन्यामीन मास्तर, मागे बाकीचे.

"धोंडू! कोणी पाण्यात पडलं काय?"

धोंडू उडालाच. "कोन पडला?"

"तेच कळत नाही!"

"म्हंजे?"

मास्तर धापा टाकत म्हणाले, "ओळ म्हटली. एक शब्द उरतोय. धक्क्यावर पुरली होती. इथे उरतेय."

"अवो पन कोन नाय ते बघा की!"

"सगळे आहेत!"

"मग उरतंय कसं?"

हा संवाद मी आयुष्यभर विसरणार नाही. एवढे शहाणे पुरुष वाळूत गोल उभे, एकमेकांची तोंडं बघताहेत, प्रत्येक जण म्हणतो मी आहे, आणि तरी कोणीतरी नाही. आकडा तोंडातून काढायचा नाही. मास्तरांनी पुन्हा ओळ म्हटली, उलट्या बाजूने. पुन्हा एक शब्द उरला. एकाने चिडून म्हटलं, "जो हजर नसेल त्याने पुढे यावं!" आणि खरं सांगतो, दोघे जण पुढे सरकले.

धोंडूने तोवर होडगं पाण्यात लोटलं होतं. रहमीम गुडघाभर पाण्यात शिरून क्षितिजाकडे बघत होता. "माझ्यापायी कोणाचा जीव गेला, मास्तर," तो म्हणत होता, "माझ्या हट्टापायी."

मीही घाबरून टोपी सावरत त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. इतक्यात बायका मलिद्याची, गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांची, परात घेऊन आल्या. रिबकावहिनीने विचारलं काय झालं. सगळे एकदम बोलले. तिने ऐकून घेतलं, परात खाली ठेवली, आणि सावकाश माझ्याकडे बोट केलं.

"धक्क्यावर ह्याला धरून म्हटली होती का ओळ?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टोपीकडे हात नेला.

"सॉलोमन कुठे आहे?" ती म्हणाली. "आलाच नाही तो. त्याच्या जागी राणी मोजलीत तुम्ही. आम्हा बायकांना कधी मोजलं नाहीत ते ठीक. पण राणीला मोजलीत! निदान लुगडं नेसणाऱ्यांतली खरी तरी मोजायची!"

असा हशा उठला म्हणता! मास्तर वाळूत बसून हसले. कोणी मेलं नाही, ह्याच्या आनंदाने आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. धोंडूने होडगं ओढून आणत शिव्यांची लाखोली वाहिली, ती सगळ्यांनी प्रसादासारखी घेतली.

हसणं थांबलं तेव्हा दिसलं, रहमीम हसत नव्हता. पाण्यातून बाहेर आला होता, धोतर भिजलेलं, आणि कबरस्तानाकडे बघत होता. मग आम्हालाही कळलं. कोणी बुडालं नव्हतं, पण दहाही नव्हते.

गावात शोध झाला. शनिवारी घाणा बंद ठेवणारं एक तेल्याचं घर तिथे होतं, त्यांच्यातलंच. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "गेली ती मानसं. पावसाच्या आधीच." थळला एक म्हातारा होता, तो मुंबईला मुलीकडे.

परत आलो तेव्हा कोणीतरी हळूच म्हणालं, "मास्तर, गुणाजी उभा राहू दे की. टोपी आहे. आमेन म्हणता येतं. कोणाला कळणार आहे?"

मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ह्याच्यासारखा माणूस नाही. पण ज्याला कळायचं त्याला कळणारच."

मी रहमीमकडे पाहिलं. त्याने एक शब्द म्हटला असता तर मी उभा राहिलो असतो. राजे, राण्या, पठाण, साधू, सगळं होऊन झालं होतं. तो म्हणाला, "नको. गुणाजीला उभं केलं तर नाटक होईल. बाबांना नाटक कळायचं. पुढच्या रांगेत बसायचे."

तो एकटा आत गेला. मातीवर हात ठेवून थोडा वेळ बसला, आणि उठून म्हणाला, "चला. भरती लागेल."

परतीच्या वाटेवर वहिनीने त्याला मलिदा दिला. तो खाताखाता, मीठ कमी आहे असं सांगावं तसं, म्हणाला, "रिबका, फेब्रुवारीत जात नाही आपण."

"ट्रंका?"

"राहू देत भरलेल्या."

वहिनी मांडवा मागे पडेपर्यंत बोलली नाही. मग इतकं बोलली, की धोंडूने शीड वळवण्याचं निमित्त करून तिकडे पाठ केली.

सॉलोमनला, हे मागाहून कळलं, लालबागच्या नाक्यावर पोलिसांनी अडवून दुपारपर्यंत बसवून ठेवलं होतं. त्याने कान धरून माफी मागितली. पण पुढच्या रविवारच्या आत दुसऱ्या एकाची बोट ठरलेली होती, आणि पुढच्या हिवाळ्यात सॉलोमन आला तेव्हा आणखी दोघे इस्रायलला गेले होते. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आणखी. रहमीम माणसं जमवायचा आणि बोटी ती पळवायच्या. ट्रंका भिंतीशी तशाच. वहिनीने त्यांवर गोधडी घातली आणि पाहुण्यांना बसायला दिल्या. मला कधी कळेना, हा माणूस जाण्यासाठी थांबलाय, की थांबण्यासाठी न जाण्याचं निमित्त शोधतोय. एकदा विचारलं. तो रंधा मारत म्हणाला, "मलाही कळलं की सांगतो."

साठच्या जानेवारीत अखेर जमलं. भायखळ्याहून दोघे आणले, ठाण्याहून एक, आणि शेवटचा नागपाड्याचा घड्याळजी एझ्रा. तो बगदादी यहुदी. त्याला मराठी येत नव्हतं, आणि त्याच्या लोकांपैकी काहींना बेने इस्रायलांना आपल्यात धरायला जड जायचं. एझ्राला काही जड गेलं नाही. तो पहिल्यांदाच होडीत बसला होता, आणि मांडव्यापर्यंत त्याच्या पोटात काही उरलं नाही. नवगावला त्याला दोघांनी धरून आत नेलं.

ह्या वेळी मला मचव्यात मुद्दाम बायकांच्या मध्ये बसवलं होतं. टोपीही काढून घेतली होती. मास्तरांनी ओळ म्हटली ती तीनदा, आणि दर वेळी वहिनीने मागून खात्री केली.

मी कबरस्तानाबाहेर उभा होतो. उंडीच्या झाडांतून रहमीमचा आवाज आला. शब्द समजत नव्हते. सेट उभा करताना हातोडीवर बोट चेचलं तरी ज्याने आवाज केला नाही, तो माणूस मोठ्याने, स्पष्ट, एकही शब्द न गाळता म्हणत होता. आणि सगळ्यांच्या मागे एझ्राचा क्षीण, आजारी आमेन. धोंडूने डोक्यावरचा रुमाल काढून हातात धरला.

मे महिन्यात महाराष्ट्र झाला. लालबागला आम्ही रोषणाई केली, कमान रहमीमने ठोकली. ती उतरवली आणि महिन्याभरात त्याची बोट होती. आधी इटलीचं बंदर, तिथून दुसरी बोट. बिन्यामीन मास्तरांचं कुटुंबही त्याच बोटीने. शीड त्याने नीट घडी घालून माझ्या खोलीवर आणून ठेवलं होतं.

निरोप द्यायला मी बॅलार्ड पिअरला गेलो. ओळखीच्या एकाने मला बोटीवरही चढू दिलं. डेकवर ही गर्दी, हे सामान, कोणाचं मूल कुठे, कोणाची म्हातारी कुठे. पोचवायला आलेल्यांनी उतरावं म्हणून घंटा झाली. मला ती तिसरी घंटाच वाटली, आणि पाय उचलेना.

रहमीम आपली आणि मास्तरांची माणसं बघत होता. बायका, पोरं, म्हातारी, सगळ्यांच्या डोक्यांना हात लावत, ओठ हलवत तो रांगेने येत होता. वहिनी म्हणाली, "वा! आता बायकांनाही धरता वाटतं!" त्याने ऐकलं नाही. माझ्यापाशी आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि ओळ संपली.

"पुन्हा?" वहिनी रडता रडता ओरडली. "अहो, गुणाजीभाऊ इथलेच. ते उतरायचेत. त्यांना सोडून म्हणा!"

रहमीमने माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. गोंधळून पुन्हा माझ्याकडे. हात काही काढला नाही.

"सोडून कसं म्हणायचं, रिबका? ओळ तुटते."